कापडी गिअर

आमच्या घरात आवाजांवर बाबांची मालकी होती. सकाळी स्टोव्ह पेटला की अंघोळीच्या दगडावरून त्यांचा हुकूम यायचा, "नोझल चोंदलं, पिन मार." पोस्टमन कॉलनीच्या वळणावर असायचा तेव्हाच ते सांगायचे की त्याच्या सायकलीचं मागचं बेअरिंग आता आठवडाभरच चालेल. बाबा रेल्वेत फिटर मिस्त्री होते. वॅगनच्या चाकावर लहानशी हातोडी मारायची आणि नुसत्या नादावरून चाकात केसाएवढी चीर आहे की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. चांगलं चाक देवळातल्या घंटेसारखं बोलतं आणि चिरलेलं चाक फुटक्या मडक्यासारखं, असं ते म्हणत. मी शाळेत गाण्याच्या तासाला बेसूर ठरले तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा जास्त अपमान वाटला होता.

आम्ही मूळचे वऱ्हाडातल्या बडनेऱ्याचे. जयपूरला बदली होऊन आलो तेव्हा मी चौथीत होते. बाबा-आई घरात बडनेऱ्याचंच बोलत राहिले. आम्हा दोघा भावंडांच्या मराठीत मात्र 'मतलब' आणि 'भैया' कधी शिरले ते कळलं नाही. दोघं म्हणजे मी, कुंदा, आणि माझ्याहून पाच वर्षांनी मोठा प्रकाश. त्याला मी जन्मभर दादा म्हटलं. या माघात तो गेला. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं, दुसऱ्यांच्या पुस्तकांना नंबर घालत. आता वैशाली नगरच्या या तिसऱ्या मजल्यावर बसून दिवसाला एक-दोन परिच्छेद लिहिते, कारण त्याहून जास्त लिहिलं की तो समोर येऊन बसतो आणि मग लिहिणं होत नाही.

हे प्रकरण मी पंधरा वर्षांची असतानाच्या होळीनंतरच्या आठ दिवसांचं आहे. दादा तेव्हा वीस वर्षांचा होता आणि कॉलेजच्या पहिल्याच वर्षात दुसऱ्यांदा नापास झाला होता. बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. घरात त्याचा उल्लेख 'साहेब' असा व्हायचा. "साहेबांले चहा द्या." "साहेब उठले का?" बडनेऱ्याला आमच्या काकांचं किराणा दुकान होतं. दादाला तिथे गल्ल्यामागे बसवायचं ठरलं होतं आणि बाबांनी त्याच्यासाठी रेल्वेचा पासही काढून ठेवला होता. दादाला यंत्रांशिवाय काही नको होतं. पण बाबांच्या पेटीतल्या पान्याला त्याने हात लावला की बाबा तो पाना त्याच्या हातातून काढून घेत आणि पुसून ठेवत. एकदा मी ऐकलं, ते आईला म्हणाले, "त्याले हात नाहीत. मन लागत नाही ज्याचं पुस्तकात, त्याचं लोखंडात काय लागणार?"

गाडी आमच्या क्वार्टरसमोर आली ती माघात. जुन्या शहरातल्या एका घरची ती विलायती गाडी. छत कापडाचं, बाजूला पायरी, बॉनेट दोन्हीकडून फुलपाखराच्या पंखांसारखं उघडणारं. मालकीणबाईंना सगळे बाईसा म्हणत. दर वर्षी शीतला अष्टमीला त्या याच गाडीतून टोंक रोडवरच्या चाकसूला, शीतलामातेच्या मेळ्याला जात. नवरा असताना तो चालवायचा, नंतर भंवरजी नावाचे त्यांचे जुने ड्रायव्हर. दोन वर्षं गाडी बंद पडून होती आणि बाईसांनी दोन वर्षं चाकसू पाहिलं नव्हतं. भंवरजींनी कुठूनतरी बाबांचं नाव ऐकलं. रविवारी आणि ड्यूटीनंतरच्या उजेडात बाबा ती दुरुस्त करू लागले.

इथे मला त्या इंजिनबद्दल थोडं सांगायला हवं, जेवढं मला कळतं तेवढं. इंजिनच्या पुढच्या तोंडाशी, एका लोखंडी झाकणाआड, दोन दातेरी चक्रं एकमेकांत अडकून फिरतात. खालचं लहान, वरचं मोठं. खालच्याने वरच्याला फिरवायचं आणि वरच्याने व्हॉल्व्ह वेळेवर उघडायचे-मिटायचे. बाबांनी ते झाकण काढलं आणि हातातला पाना खाली ठेवून हसले. वरचं मोठं चक्र लोखंडाचं नव्हतं. कापडाचे थर एकावर एक दाबून, डिंकासारख्या कशाततरी घट्ट करून, त्याला दाते पाडलेले होते. रंग खजुरासारखा. तीन दात्यांची टोकं उसवल्यासारखी झाली होती.

"हे पाय," बाबा आईला दाखवत म्हणाले, "कोण्या हुशार मिस्त्रीनं इंजिनात गोधडी शिवून ठेवली."

रेल्वेच्या माणसाचा लोखंडावर जेवढा विश्वास असतो तेवढा देवावर नसतो. बाबांनी झोटवाड्याच्या एका खरादीकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, तेवढ्याच दात्यांचं पोलादी चक्र करून आणलं. आणलेलं चक्र त्यांनी आम्हाला हातात धरायला दिलं, इतकं ते सुंदर झालं होतं. कापडी चक्र आईने सोड्यात उकळलं, दोन दिवस उन्हात ठेवलं आणि चुंबळ म्हणून माठाखाली सरकवलं. माठ त्यावर असा बसला की जणू तो त्याच्यासाठीच केला होता.

होळीच्या दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू झालं. कॉलनीतली पोरं ओरडली. भंवरजींनी मिशीवरून हात फिरवला, गाडी कॉलनीला एक चक्कर मारून आणली, आणि उतरले ते तोंड पाडूनच.

"मिस्त्रीजी, गाडी रोवै है."

"कौन रोता है?" बाबा त्यांच्या वऱ्हाडी हिंदीत म्हणाले. "मेरेकू तो कुछ सुनाई नहीं देता."

"अजी, आगै सूं रोवै है. पैली कोनी रोती ही."

पुढून रडते, आधी रडत नव्हती, असं ते सांगत होते. मी ओट्यावर बसले होते. मला तो आवाज ऐकू आला होता. इंजिनच्या धकधकीच्या वरून एक बारीक, लांबट सूर निघत होता आणि इंजिनचा वेग वाढला की तोही चढत होता. भंवरजींचा शब्द अगदी नेमका होता. दूर कुठेतरी एखादी बाई दार लावून घेऊन रडत असावी तसं ते होतं.

बाबा तक्रार हसण्यावारी नेणारे नव्हते. त्यांना आवाज येत नव्हता, पण ड्रायव्हर म्हणतो तर तपासायलाच हवं. रेल्वेतल्या कामातलाच त्यांचा नेम होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, इंजिन चालवायचं, ऐकायचं, लिहायचं. पाठकोऱ्या कागदांची एक वही त्यांनी त्यासाठी शिवली होती आणि अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. लिहिलेलं खोडायचं नाही हा दुसरा नेम. चार दिवस संध्याकाळी हे चाललं. आईचं लाटणं घेऊन बाबा त्याचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावत. भंवरजींना क्लच दाबायला लावला. गिअरबॉक्स सुटा झाला. लिही. पंख्याचा पट्टा काढला. लिही. लाकडी मुठीच्या पेचकसाने एकेका प्लगची ठिणगी तोडून एकेक सिलिंडर मुका केला, म्हणजे आवाज पिस्टनचा असेल तर तो त्या वेळी थांबेल. लिही. प्रत्येक वेळी बाबा लाटण्याला कान लावून डोळे मिटून उभे राहत, मग डोळे उघडून मला सांगत, "आवाज नाही."

आणि मी लिहायची, "आवाज नाही."

तो सूर माझ्या कानात असा घुसत असायचा की दात शिवशिवावेत. तरी मी लिहायची. मी घाबरत होते म्हणून नाही, बाबा मारणारे नव्हते. बाबांना ऐकू येत नाही असं काही जगात असू शकतं हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. मला वाटायचं, ते ज्याला आवाज म्हणतात तो काहीतरी वेगळा असेल आणि मला ऐकू येतं तो त्यांच्या हिशेबी आवाज नसेल. आज पाहते तर वाटतं, मी तेव्हा खरं लिहिलं असतं तर त्या वहीनेच चौथ्या दिवशी सगळं सांगितलं असतं. क्लच दाबला, आवाज तसाच. पट्टा काढला, तसाच. सिलिंडर मुका केला, तसाच. मग उरतं काय? पुढचं झाकण आणि त्यामागची दोन चक्रं. शेजारच्या तरुण जोडप्याने गेल्या महिन्यात विजेवर चालणारी गाडी घेतली. ती आली-गेली कळतही नाही. बाबा असते तर त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला नसता. जे बोलत नाही त्याचं दुखणं कसं ओळखायचं?

पाचव्या दिवशी दादाने ती वही वाचली. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "कुंदे, मतलब तुला खरंच ऐकू येत नाही?"

मी पेन्सिल टोकायला घेतली. तो वही घेऊन तसाच बाहेर गेला. बाबा बॉनेटखाली वाकलेले होते.

"बाबा, आवाज आहे. तुम्ही घातलेल्या पोलादी गिअरचाच आहे."

कित्येक महिन्यांत तो बाबांशी पहिल्यांदा बोलत होता आणि नेमकं हे बोलत होता. बाबा सावकाश सरळ झाले.

"साहेब सांगून राह्यले आता मले?"

"पोलादावर पोलाद फिरलं की रडणारच. कापडी गिअर कोणी शिवलेली गोधडी नव्हती. गाडी बनवणाऱ्यांनीच घातला होता तो, आवाज होऊ नये म्हणून."

"कोण्या पुस्तकात वाचलं? दोनदा नापास झाला त्याच?"

दादाला लालजी म्हणणारे भंवरजी मध्ये पडले. "लालजी ठीक कहवै है, मिस्त्रीजी." त्याने तर आगीत तेलच पडलं. बाबांचा चेहरा लाल झाला. पण बाबांचं एक होतं, राग आला की ते भांडत नसत, पद्धतीत शिरत. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "म्हणणं नको मले. चाचणी पायजे."

चाचणी त्यांनी स्वतः आखली. परवा अष्टमी, गाडी त्या दिवशी सकाळी चाकसूला निघायची. म्हणजे उद्याचा दिवस हातात. ते रजा टाकणार. रेडिएटर काढून ठेवायचा, म्हणजे झाकण पटकन उघडता येईल. पाणी नाही म्हणून इंजिन दोन मिनिटांवर चालवायचं नाही. दिवसभरात तीनदा इंजिन सुरू करायचं. दर वेळी आत कापडी गिअर ठेवायचा की पोलादी, ते फक्त बाबा ठरवणार. कदाचित बदलतील, कदाचित बदलल्याचं सोंग करून तोच ठेवतील. दादा आणि भंवरजी दोघांनी रेल्वे फाटकापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचं, कारण एक भांडणातला आणि दुसरा तक्रारीतला. ऐकायचं मी, मागच्या स्वयंपाकघरात, दार लावून. तीन चिठ्ठ्यांवर 'आहे' किंवा 'नाही' एवढंच लिहायचं.

"कुंदीच का?" दादाने विचारलं.

"ती खोटं लिहीत नाही," बाबा म्हणाले.

मग त्यांनी खिशातून तो पास काढून दादाला दाखवला. "चिठ्ठ्या चुकल्या तर सोमवारी गाडीत बसायचं. गुमान."

"आणि नाही चुकल्या तर?"

"तर मग पाहू," बाबा म्हणाले. पण ते बोलले त्यावरून मला कळलं की त्यांनी त्या बाजूचा विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने माठ उतरवला आणि चुंबळ बाबांच्या हवाली केली. "माठ फुटला तर तुमच्या त्या विलायतीच्या डोक्यावर फुटन," म्हणाली. जयपूरला अष्टमीच्या आदल्या दिवशी सगळ्या घरांत उद्याचं रांधून ठेवतात, कारण अष्टमीला चूल पेटवायची नसते, मातेला थंड नैवेद्य. आपल्याकडे हे श्रावणात असतं. आईने शेजारणींमुळे दोन्ही धरलं होतं. "आजाराची देवी आहे, दोनदा थंड झाली तर बिघडलं कुठं?" त्यामुळे त्या दिवशी स्वयंपाकघरात नुसता तळणाचा वास होता. पुऱ्या, गुळाचे गुलगुले, बाजरीची राबडी एका बाजूला गार होत पडलेली, कैरीचं लोणचं बरणीतून वाटीत काढलेलं. मी कोपऱ्यात पाटावर, मांडीवर चिठ्ठ्या. आईने खिडकीसुद्धा लावली.

साडेदहाला बाहेरून बाबांची हाक आली, "हो!" आईने लगेच स्टोव्ह बंद केला. तापलेलं तेल तसंच ठेवून ती पदराला हात पुसत उभी राहिली. इंजिन सुरू झालं. धकधक, धकधक, भिंतीवरची डब्यांची झाकणं किंचित थरथरली. मी ऐकत राहिले. सूर नव्हता. नुसती जाड, पोट भरलेली धकधक. मी सहज 'नाही' लिहिलं आणि आईने स्टोव्ह पुन्हा पेटवला.

बारा वाजून गेले तेव्हा दुसरी हाक आली. स्टोव्ह बंद. इंजिन सुरू झालं आणि पहिल्या क्षणालाच तो सूर भिंतीतून आत आला. बारीक, चढणारा, ओळखीचा. आईनेही मान वर केली.

पेन्सिल टेकवली आणि तेव्हा, पहिल्यांदाच, मला सगळं एकदम दिसलं. मी हे खरं लिहिलं आणि तिसरंही बरोबर आलं, तर बाबांना कळणार होतं. गिअर चुकीचा घातला हे तर कळेलच, पण त्याहून मोठं कळेल: भिंतीपलीकडच्या पोरीला येणारा आवाज इंजिनला कान लावून आपल्याला आला नाही. चाकांची चीर ऐकण्यावर ज्याचं आयुष्य उभं होतं त्या माणसाला हे मी एका कागदावर लिहून देणार होते. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काय होईल, डॉक्टरच्या तपासणीत काय होईल, याची मला अर्धवट कल्पना होती. आणि नाही लिहिलं, तर दादा सोमवारी बडनेऱ्याला. तो मिरच्या तोलेल. सणावाराला येईल.

मी 'नाही' लिहिलं.

आई माझ्यामागे उभी होती. तिने कागदाकडे पाहिलं, मग बाहेरच्या आवाजाकडे कान दिला. इंजिन बंद झालं. तेव्हा ती म्हणाली, "मी एक वर्ष झालं त्याईच्याशी पाठीमागून बोलत नाही. समोर जाऊनच बोलते. तुझ्या ध्यानात नाही आलं?"

मला रडू यायला लागलं. "मग मी काय लिहू?"

"मले काहून विचारतं? मले लिहायले सांगितलं असतं तर मी काहीही लिहिलं असतं." तिने कढईतल्या तेलाकडे पाहिलं, जणू त्यात काही दिसेल. "कोण्या एकाले दुखणारच आहे, पोरी. पण म्हाताऱ्याचं दुखणं घरात राहीन, आपण पाहू. पोराचं दुखणं बडनेऱ्याले जाऊन राहीन."

मी 'नाही' खोडलं. खोडरबर नव्हतं, पेन्सिलनेच आडव्या रेघा मारल्या आणि खाली 'आहे' लिहिलं. तिसऱ्या वेळेला बाबांनी तासभर पाने वाजवले, झाकण आपटलं. इंजिन सुरू झालं आणि सूर पुन्हा तोच. 'आहे'. मला कळलं की त्यांनी गिअर बदललाच नव्हता, नुसतं बदलल्याचं सोंग केलं होतं, मला पकडायला.

बाबा मागच्या दाराने आत आले. कोपरापर्यंत काळे. त्यांनी पाट ओढला, माझ्यासमोर बसले, स्वतःच्या खिशातला कागद जमिनीवर ठेवला. त्यावर तीन शब्द होते: कापड, पोलाद, पोलाद. त्याखाली माझ्या चिठ्ठ्या एकेक करून मांडल्या. नाही. आहे. आहे. आईने स्टोव्ह पेटवला नव्हता. घर इतकं शांत होतं की बाबांनाही ते जाणवलं असावं, कारण त्यांनी एकदा डोकं हलवलं, कानात पाणी गेल्यावर हलवतात तसं.

मग त्यांनी दुसऱ्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "इथं खोडलं."

"हो."

"आधी 'नाही' लिहिलं होतं. येत होता आवाज तरी?"

"हो."

"काहून?"

मी मान खाली घातली. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांनी माझ्याकडे, मग आईकडे पाहिलं. आईने नजर चुकवली, आणि त्या नजर चुकवण्यात त्यांना मागचं अख्खं वर्ष दिसलं असणार. मग म्हणाले, "कोरा कागद घे. नीट लिही. प्रकाश हे पाहीन."

मी कोऱ्या कागदावर 'आहे' लिहून दिलं. आईने हात पुढे करून खोडलेली चिठ्ठी उचलली, तिची सुरळी केली, काडी लावली आणि तिने स्टोव्ह पेटवला. "तेल पार निवलं माझं," म्हणाली.

बाबा उठले, ओट्यावर गेले आणि टपरीपर्यंत जाईल अशा आवाजात त्यांनी हाक मारली, "प्रकाश! ए प्रकाश!" साहेब नाही. फाटकाजवळची दोन माणसं वळून पाहायला लागली.

दादा धावतच आला. जमिनीवर मांडलेले कागद त्याने वाचले, तीनही स्वच्छ, एकही रेघ खोडलेली नाही. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्याने आधी बाबांकडे पाहिलंच नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून केस विस्कटले आणि म्हणाला, "वा रे कुंदे. पक्की निघालीस." बाबांनी तिकडे पाठ केली आणि मडक्यातलं पाणी प्यायला लागले.

संध्याकाळी बाबांनी लाटण्याचं एक टोक झाकणावर टेकवायला दादाला सांगितलं आणि दुसरं टोक दातांत धरलं. पोलादी गिअर आत होता. इंजिन सुरू झालं. बाबा डोळे मिटून लाटणं चावत उभे, आणि हळूहळू त्यांच्या भुवया वर गेल्या. दातांतून त्यांना काहीतरी झिणझिणत होतं. भंवरजी ओरडायला लागले, "पाणी कोनी, इंजिन जाम हो ज्यासी!" तेव्हा कुठे त्यांनी लाटणं सोडलं. आई म्हणाली, आता यावर मी पोळ्या लाटणार नाही.

"कसा येते आवाज?" बाबांनी दादाला विचारलं. "सांग ना."

दादा चाचपडला. "जैसे... मतलब..." त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मी सांगितलं, जमेल तसं, थंडीत दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यापासून सुरुवात करून. बाबा माझ्या ओठांकडे पाहत ऐकत होते. पुढे त्यांनी आपण होऊनच वर्कशॉपच्या साहेबाला ऐकू कमी येतं हे सांगितलं आणि तिथून स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. तिथे ते फार रमले नाहीत. दादाने त्याच महिन्यात झोटवाड्याच्या त्या खरादीकडे काम धरलं. पहिलं काम म्हणून, वीजमोटारीच्या दुकानातून दाबलेल्या कापडाची जाड पाटी आणून, त्याने स्वतः नवा कापडी गिअर कापला.

पण अष्टमीला तो नवा गिअर नव्हता. जुन्याचे तीन दाते उसवलेले, त्यावर चाकसूपर्यंत भरवसा ठेवता येत नव्हता. म्हणून गाडी पोलादी गिअरवरच गेली. निघण्याआधी बाबा बाईसांसमोर हात जोडून म्हणाले, "आवाज करेगी. मेरी गलती है. टूटेगी नहीं." बाईसा घूंघटातून हसून म्हणाल्या, दो बरस सूं म्हैं रोई हूं, आज गाडी रो लेसी, म्हणजे दोन वर्षं मी रडले, आज गाडी रडून घेईल. त्यांनी आम्हालाही गाडीत घेतलं, सोबतीला आणि बिघडलीच तर म्हणून. भंवरजी चालवत होते, शेजारी बाबा. बाईसा, आई, दादा आणि मी मागे खेटून. टोंक रोडवर वारा होता, बैलगाड्या आणि उंटगाड्या मेळ्याकडे चाललेल्या, आणि इंजिन सबंध रस्ताभर रडत होतं. बाबा दर दोन मैलांवर मागे वळून दादाला विचारत, "येते का?" दादा ओरडून सांगे, "येतो!" "वाढला?" "नाही, तेवढाच!" मग बाबा समाधानाने पुढे बघत.

चाकसूच्या अलीकडे दादा माझ्या कानाशी वाकला. "कुंदे, तू ती दुसरी चिठ्ठी बरोबर लिहिली नसतीस ना..." मी डब्यातून एक गार गुलगुला काढून त्याच्या तोंडात कोंबला. तो हसला, खात राहिला, आणि मी बाहेर पाहत राहिले. आज नको, मला वाटलं, आज सगळे खूश आहेत. नंतर सांगू. नंतर सांगायला अख्खं आयुष्य पडलं होतं. ते या माघात दादाबरोबर संपलं.